घट, रांजण आणि पहिले ॲप

प्रोग्रामिंगचा एकही धडा न गिरवलेल्या माणसालाही आता स्वतःचे ॲप तयार करता येते, असे अलीकडे वारंवार वाचनात येते. पडद्यावरच्या तयार चौकटी ओढून एकमेकींना जोडाव्यात, अथवा कृत्रिम बुद्धिमत्तेला आपल्या भाषेत हवे ते सांगावे, आणि तासाभरात मोबाइलवर चालणारे काहीतरी हाती यावे. हे म्हणणे खोटे नाही. परंतु ते जितके नवे म्हणून सांगितले जाते तितके नवेही नाही. जाणकारावाचून काम भागेल, या घोषणेला संगणकाच्या जगातच सत्तर वर्षे होत आली आहेत. सर्वसाधारण शब्दाने काम भागते की नेमका शब्द लागतो, हा त्या घोषणेमागचा प्रश्न तर बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईत चारशे वर्षांपूर्वी एका कवीने मांडून ठेवला आहे. हे दोन धागे कोठे एकत्र येतात आणि आज बीडमध्ये पहिले ॲप करू पाहणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, हे पाहण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम संगणकाच्या बाजूने पाहू. १९५० च्या दशकात संगणकाला आज्ञा द्यायची म्हणजे आकड्यांची व खुणांची लांबलचक माळ लिहावी लागे. ग्रेस हॉपर या अमेरिकी गणितज्ञ बाईंनी असा आग्रह धरला की व्यापारी हिशेब करणाऱ्यांना इंग्रजी शब्दांत आज्ञा देता आल्या पाहिजेत. त्यांनी पुढे सांगितलेली हकीकत मोठी उद्बोधक आहे. इंग्रजी आज्ञांच्या जागी फ्रेंच आणि जर्मन शब्द घालूनही तोच कार्यक्रम चालतो, हे त्यांनी आपल्या वरिष्ठांना दाखवले. तेव्हा अमेरिकेत घडवलेल्या यंत्राला फ्रेंच वा जर्मन कळणे शक्यच नाही, असे म्हणून ती मंडळी बिचकली. यंत्राच्या दृष्टीने सर्वच शब्द सारखे परके असतात, ही गोष्ट त्यांच्या गळी उतरेना. हॉपर यांच्या प्रयत्नांतून फ्लो-मॅटिक आली आणि तिच्या वळणावर १९५९-६० मध्ये कोबोल ही भाषा सिद्ध झाली. कचेरीतला व्यवस्थापक ती स्वतः वाचेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात कोबोल लिहिणाऱ्यांचा एक नवा व्यवसायच उभा राहिला.

१ मे १९६४ रोजी डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांची बेसिक ही भाषा प्रथम चालली. विज्ञानाच्या वाटेला न जाणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा तिचा हेतू होता. १९७९ साली डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिसिकॅल्क आणले. आडव्या ओळी, उभे रकाने, आणि एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलणे, एवढीच त्याची कल्पना. पण जमाखर्चाची वही ज्याला येत होती त्याला ते शिकवावे लागले नाही. आमच्या मते कोडविना काम करून देणारे पहिले खरे यशस्वी साधन हेच, आणि ते यशस्वी झाले याचे कारण त्याने वापरणाऱ्याची स्वतःची मांडणी उचलली. १९८० च्या दशकाच्या आरंभी जेम्स मार्टिन यांचे 'प्रोग्रामरांवाचून संगणक-प्रणाली' अशा अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक निघाले. १९८७ मध्ये ॲपलचे हायपरकार्ड आले. त्यावर शिक्षकांनी, छंदिष्टांनी पुष्कळ काही रचले. २००४ मध्ये त्याची विक्री थांबली आणि ती रचना हळूहळू उघडता न येणारी झाली. २००७ मध्ये मुलांसाठी स्क्रॅच, २०१० मध्ये ठोकळे जोडून ॲप करण्याचे ॲप इन्व्हेंटर, पुढे कागदी तक्त्यासारख्या पानावरून ॲप घडवणारी ॲपशीटसारखी साधने, ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रेय कार्पथी यांनी रूढ केलेला 'व्हाइब कोडिंग' हा शब्द, अशी ही परंपरा आपल्यापर्यंत येऊन पोहोचते.

या परंपरेत प्रत्येक टप्प्यावर काय गळून पडले, ते मोजता येते. खुणांची माळ गेली, मग व्याकरणाचा काच सैल झाला, मग टंकनही गेले आणि शेवटी आज्ञेची भाषा माणसाच्या बोलण्याइतकी सैल झाली. परंतु कोणत्या वस्तूची नोंद ठेवायची, ती वस्तू एक की अनेक, तिचे मोजमाप कशात, दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे कशावरून ठरवायचे, हे प्रश्न पहिल्या दिवशी जेथे होते तेथेच आजही आहेत. पूर्वी कोड लिहिण्याच्या कष्टांमुळे ते झाकलेले असत. कोड विनासायास मिळू लागल्यावर ते उघडे पडले.

मराठीच्या वाट्याला या परंपरेत आणखी एक अडथळा आला, तो लिपीचा. कानपूरच्या आयआयटीत आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये भारतीय लिप्यांसाठी काम झाले. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तरीही पुढली अनेक वर्षे कचेऱ्यांतले मराठी हे निरनिराळ्या खासगी फाँटांमध्ये बंदिस्त राहिले. एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. खुद्द 'ॲप' या शब्दातले पहिले अक्षर घ्या. अ-वर चंद्र असलेल्या या मराठी अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वी ते अ, एक अदृश्य जोडचिन्ह आणि चंद्र असे तीन तुकडे जुळवून लिहीत, आणि आजही कित्येक ठिकाणी तसेच लिहिले जाते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. एका पद्धतीने लिहिलेले नाव दुसऱ्या पद्धतीने शोधले तर ते सापडत नाही. पहिले मराठी ॲप करणाऱ्याला हा अनुभव लवकरच येतो, आणि नोंद का हरवली हे कोणी सांगितल्याशिवाय उमगत नाही.

२००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत, पुढे मोठ्या गावांत पोहोचला. सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने मराठवाड्यातील एका अख्ख्या पिढीने संगणकाला प्रथम हात लावला तो या वर्गांत. या अभ्यासक्रमाचे ऋण मोठे आहे. परंतु त्याने घडवला तो वापरणारा. अर्ज भरणारा, तक्ता भरणारा. तक्त्यात कोणते रकाने असावेत हे ठरवणारा माणूस दूर कोठेतरी, पुण्या-मुंबईत असे, आणि बीडचे काम त्याने आखलेल्या रकान्यांत बसवून घेणे एवढेच असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून पिकाची नोंद करावी अशी योजना आली, तेव्हाही भरणारा बदलला, आखणारा तोच राहिला.

आखणाऱ्याच्या बाजूला जाऊन पोहोचलेला बीडचा एक माणूस मात्र सर्वांच्या परिचयाचा आहे. आष्टी तालुक्यातील सांगवी पाटण येथील दादासाहेब भगत यांनी इन्फोसिसच्या अतिथिगृहात महिना ९,००० रुपयांवर नोकरी केली. तेथे काम करता करता ग्राफिक्स व ॲनिमेशन शिकले, पुढे पायथन व सी प्लस प्लस या भाषा शिकले. आरेखन करताना तीच ती कामे पुन्हा पुन्हा करावी लागतात हे पाहून त्यांनी तयार नमुन्यांचा संग्रह उभारला. टाळेबंदीच्या काळात गावी परतल्यावर त्यांनी टेकडीवरच्या एका गोठ्यात कार्यालय थाटले, कारण मोबाइलचे जाळे तेथे बरे मिळे. २०२४ मध्ये 'शार्क टँक इंडिया'च्या तिसऱ्या पर्वात त्यांच्या उद्योगाला गुंतवणूक मिळाली. या कथेतील जिद्दीची वर्णने पुष्कळ झाली आहेत. आम्हांला तिच्यातील दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. भगत यांनी घडवले ते साधन आरेखन न येणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे 'जाणकारावाचून काम' या परंपरेतलेच. पण ते घडवण्याआधी त्यांनी स्वतः ते काम वर्षानुवर्षे हाताने केले होते. कोणते नमुने लागतात, कोणता भाग पुन्हा पुन्हा बदलतो, हे त्यांना त्या कामाने शिकवले. संगणकाच्या भाषा नंतर आल्या.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा, धारूर वा वडवणी तालुक्यातील एका ऊसतोड कुटुंबातली मुलगी महाविद्यालयात शिकते आहे, आणि आईवडिलांच्या हिशेबासाठी तिला आपले पहिले ॲप करायचे आहे. कोरडवाहू जमीन आणि पाण्याचे दुर्भिक्ष यांमुळे दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडणीला जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, हे वाचकांना ठाऊकच आहे. ती मुलगी कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगते, 'ऊसतोड कामगारांच्या मजुरीचा हिशेब ठेवणारे ॲप करून दे.' अशा मोघम मागणीला सहसा जो नमुना समोर येतो तो असा: कामगाराचे नाव, दिनांक, कामाचे तास, दर, एकूण मजुरी. नेटका, सुटसुटीत, कोणत्याही कारखान्याला वा दुकानाला चालेल असा. आता तो एकेक रकाना उसाच्या फडात नेऊन पाहावा.

'कामगार' हा पहिलाच रकाना अडतो. तोडणीच्या व्यवहारात मोजमापाचे एकक कामगार नसतो. ते असते कोयता. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. उचल मिळते ती कोयत्याला, टोळी मोजतात ती कोयत्यांत. 'कामाचे तास' हा रकाना निरर्थक आहे, कारण मजुरी टनावर ठरते. वजनही फडात कळत नाही; कारखान्याच्या काट्यावर गाडी गेल्यावर कळते, आणि बहुधा ते सगळ्या टोळीच्या मालाचे असते, मग त्याची वाटणी कोयत्यांत करावी लागते. 'दर' एक नाही; ऊस बैलगाडीने जातो की ट्रक-ट्रॅक्टरने, यानुसार कामाची रीत आणि मोबदला बदलतो. 'एकूण मजुरी' तर हंगामाच्या शेवटापर्यंत हातात यायचीच नसते, कारण ती हंगामाआधी घेतलेल्या उचलीत वळती होत असते. मध्ये आठवड्याच्या बाजारासाठी घेतलेले पैसे असतात, दुखण्याखुपण्याने काम चुकले तर खाड्याची कपात असते, मुकादमाचे कमिशन असते, वाढे विकून आलेली किरकोळ रक्कम असते. उचल फिटली नाही तर बाकी पुढल्या हंगामावर चढते आणि तिच्याबरोबर त्या जोडीचे पुढल्या वर्षीचे श्रमही आधीच बांधले जातात.

आकड्यांत पाहू. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७४ रुपयांचा दर त्यानुसार ३६७ रुपयांवर गेला. एका कोयत्याने दिवसाकाठी दोन टन ऊस तोडला असे धरले, तर ७३४ रुपये झाले. सर्वसाधारण नमुन्यात हे ७३४ रुपये एका नावापुढे पडतात, आणि ते नाव पुरुषाचे असते. निम्मे श्रम जिचे, तिच्या नावाची ओळच तक्त्यात नसते. ॲप उत्तम चालेल, बेरीज बिनचूक येईल, रंग सुंदर असतील. आणि पहाटे चार वाजता उठून स्वयंपाक करून फडात उभी राहणारी बाई त्या हिशेबात कोठेही सापडणार नाही. संगणकाच्या दृष्टीने यात काहीच बिघाड नाही. बिघाड शब्दात आहे.

आमच्या अंबाजोगाईच्या कवीची आठवण होते ती येथे. अंबाजोगाई हे मराठी भाषेच्या इतिहासात मोठे नाव. 'विवेकसिंधू'चे कर्ते मुकुंदराज यांची समाधी तेथे दाखवतात. त्या ग्रंथाचा काळ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ मानला जातो. त्याच गावी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि सतराव्याच्या आरंभी दासोपंत होऊन गेले. लांबच लांब वस्त्रावर त्यांनी लिहिलेली 'पासोडी' अनेकांनी ऐकली असेल. त्यांचा 'गीतार्णव' हा गीतेवरचा प्रचंड टीकाग्रंथ. त्यात ते मराठीची बाजू घेताना एक विलक्षण युक्तिवाद करतात. त्याचा आशय असा: संस्कृतात 'घट' म्हटले की झाले, पण घटाचे प्रकार किती आहेत! रांजण वेगळा, डेरा वेगळा, सुगड वेगळे. नुसत्या 'घट' या शब्दाने यांतला नेमका कोणता हवा आहे, हे कसे कळावे? मराठीत प्रत्येकाला आपापले नाव आहे, म्हणून व्यवहारात जे हवे ते नेमके मिळते.

प्राकृत भाषा ही अडाण्यांची सोय आहे, या समजाला दासोपंतांनी दिलेले हे उत्तर आहे. सर्वसामान्य शब्द पंडिताला प्रतिष्ठित वाटतो, पण कुंभाराच्या दारात उभे राहिल्यावर तो निकामी ठरतो. पाणी साठवायचे त्याला रांजण हवा, संक्रांतीच्या वाणाला सुगड हवे. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची स्थिती पुष्कळशी 'घट' जाणणाऱ्या पंडितासारखी आहे. जगभरच्या लेखनातून ती शिकली आहे. जे सर्वांचे सारखे आहे ते तिला उत्तम येते. 'कामगार' हा तिचा घट. 'कोयता' हा रांजण. तो तिला मुळीच समजत नाही असे आम्ही म्हणत नाही. नीट सांगितले तर ती तो समजून घेते आणि रचनाही तशी बदलून देते. परंतु सांगणाऱ्याला आधी रांजण आणि डेरा यांतला भेद ठाऊक हवा, आणि तो सांगण्याजोगा आहे, असा विश्वासही हवा. आपल्या गावातला शब्द संगणकात चालायचा नाही, तेथे काहीतरी भारदस्तच लिहायला हवे, ही भीती हा या कामातला खरा अडसर आहे.

तक्ता आखणे हे क्षुल्लक कारकुनी काम आहे असे कोणाला वाटेल. इतिहास तसे सांगत नाही. यादवांच्या काळातला करणाधिप हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, याच्या नावावर सांगितली जाणारी मेस्तके ही कारभार आणि दप्तर कसे राखावे याचीच पुस्तके. आपल्या सातबाऱ्यातला बारा नंबरचा नमुना पाहावा. त्यात मिश्र पिकाखालील क्षेत्र आणि निर्भेळ पिकाखालील क्षेत्र असे वेगळे रकाने आहेत. ज्याने ते आखले त्याला एवढे ठाऊक होते की आपल्याकडच्या शेतात तुरीच्या ओळींमध्ये दुसरे पीक उभे असते, आणि 'पिकाचे नाव' या एका रकान्यात ते शेत मावत नाही. त्याच नमुन्याच्या शेवटी 'शेरा' हा रकाना आहे. आमच्या मते 'शेरा' हा आपल्या दप्तरशाहीतला सर्वांत शहाणा रकाना होय. आपण आखलेल्या चौकटीत जगातले सारे बसणार नाही, ही कबुली त्याच्यात आहे.

नोंदीचा रकाना किती दूरवर पोहोचतो याचे मराठवाड्याला अगदी ताजे प्रत्यंतर आले आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड हे निजामाच्या राज्यात होते. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली आणि निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. उर्दू आणि मोडी वाचणारे शोधून आणावे लागले. शतकापूर्वी कोणा कारकुनाने जातीच्या रकान्यात कोणता शब्द लिहिला, यावर आजच्या एखाद्या मुलाचा दाखला अवलंबून राहिला. त्या वादात कोणाची बाजू घेण्याचे हे स्थळ नव्हे. लिहिणाऱ्याला त्या शब्दाचे पुढे काय होणार हे ठाऊक असणे शक्य नव्हते, एवढेच येथे ध्यानात घ्यावे.

आणि रकाना नसला तर काय होते, त्याचेही उदाहरण बीडचेच आहे. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात आहेत, ही कुजबूज जिल्ह्यात बरीच वर्षे होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गर्भाशय काढल्याचा थेट प्रश्न प्रथम विचारला गेला तो २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत. देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के आढळले. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे बीड जिल्ह्याची पाहणी आली. ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची माहिती घेतली गेली, तीत १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. दर सहा जणींमागे एक. त्या बाया त्यापूर्वीही होत्या, त्यांच्या वेदनाही होत्या. खाड्याचा दंड चुकवण्यासाठी पाळीचे दुखणे कायमचे मिटवावे, हा हिशेबही फडात चालूच होता. मोजणीचा प्रश्न विचारला गेला तेव्हा कुजबुजीचा आकडा झाला, आणि आकडा झाल्यावर शासनाला उत्तर देणे भाग पडले.

यावरून नव्या साधनांना नाके मुरडण्याचा आमचा हेतू आहे असे कोणी समजू नये. उलट, त्यांच्यामुळे एक गोष्ट खरोखर प्रथमच शक्य झाली आहे. आजवर हिशेबाची प्रणाली ज्याच्याकडे पैसा त्याच्या बाजूने लिहिली गेली. कारखान्याचा करार सहसा वाहतूकदाराशी वा मुकादमाशी असतो. तोडणी करणारे जोडपे कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, म्हणून कारखान्याच्या संगणकातही ते नसते. त्या जोडप्याला स्वतःच्या बाजूने प्रणाली लिहून घेण्याची ऐपत कधीच नव्हती. मुकादमाच्या वहीत जे लिहिले असेल ते खरे, आणि आपल्या बाजूला फक्त स्मरण, अशी ही विषम लढाई होती. आता त्या जोडप्याची मुलगी, हातातल्या मोबाइलवर, मराठीत बोलून दुसरी वही उभी करू शकते. हॉपर यांचे वरिष्ठ ज्या गोष्टीने बिचकले होते ती अशी फडापर्यंत येऊन पोहोचली आहे. कोयता म्हणजे काय हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. ती कोपीत वाढलेली आहे. सत्तर वर्षांत प्रथमच नेमका शब्द जाणणारा आणि साधन हाताळणारा ही एकच व्यक्ती असू शकते.

म्हणूनच तिने काही गोष्टी यंत्रावर सोपवू नयेत, असे आम्हांला वाटते. ॲपचा पहिला आराखडा तिने कागदावर, आईवडिलांशेजारी बसून करावा. मागच्या हंगामाचा एक आठवडा जसा घडला तसा त्या रकान्यांत भरून पाहावा, आणि जेथे काही मावत नाही तेथे रकाना बदलावा. कोयत्याच्या नोंदीत दोन नावे असावीत आणि दोन्ही स्वतंत्र असावीत, कारण पुढे कधी बँकेचा, विम्याचा वा नुकसानभरपाईचा प्रश्न आला तर 'आणि पत्नी' या शब्दांना काही किंमत नसते. उचल, बाजारहाटाचे पैसे आणि खाडा यांच्या नोंदी मागाहून पुसता येऊ नयेत. चूक दुरुस्त करायची तर नवी ओळ लिहावी, जशी चोपडीत लिहितात. काही दिवसांच्या बेरजा हाताने करून ताडून पाहाव्यात. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेले सूत्र चुकीचे असले तरी उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने समोर येते, आणि शंभर कोयत्यांच्या हिशेबात टनामागे एक रुपयाची चूकही लहान नसते. फडात जाळे नसते, तेव्हा जाळ्यावाचून नोंद घेता येते की नाही हे आधी पाहावे. आणि शेवटी 'शेरा' ठेवावा.

आणखी एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. कोडविना केलेली पुष्कळशी ॲपे आपली माहिती कोठेतरी दूरच्या संगणकावर ठेवतात, आणि एखादी खूण चुकीची राहिली तर दुवा हाती आलेल्या कोणालाही ती दिसू शकते. कोणत्या जोडप्यावर किती बाकी आहे हे मुकादमाच्या प्रतिस्पर्ध्याला कळले तर त्या जोडप्याचा भाव पडतो. कोणत्या बाईचे कोणते दुखणे आहे हे चावडीवर कळले तर काय होते, ते सांगायला नको. २०२३ मध्ये देशात व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत झाला आहे, पण कायद्याची वाट पाहण्याआधी साधा नियम असा पाळता येतो की जे विचारण्याचे कारण सांगता येत नाही ते विचारूच नये. गरज नसलेला रकाना हा निरुपद्रवी नसतो. निजामाच्या दप्तरातल्या कारकुनालाही तो तसाच वाटला असेल.

हायपरकार्डवर रचलेल्या वस्तूंचे जे झाले ते आजच्या साधनांचेही होईल. या कंपन्या बदलतील, आज फुकट असलेले उद्या दामदुपटीचे होईल, काही साधने बंद पडतील. त्या मुलीचे ॲप दहा वर्षांनी चालत असेल, याची हमी कोणी देऊ नये. परंतु कोयता म्हणजे दोन माणसे, खाडा म्हणजे कपात, उचल म्हणजे अजून न केलेल्या श्रमाची आगाऊ किंमत, ही जी फोड तिने कागदावर केलेली असेल ती कोणत्याही साधनात पुन्हा भरता येईल. तो कागद तिने जपून ठेवावा, आणि हंगाम संपल्यावर मुकादम वही उघडून बसेल तेव्हा तो आईच्या हातात द्यावा.